लाल खिडकी

साहेब जेवायला गेले तसे मास्तर नव्या ऑपरेटरच्या खुर्चीत बसले आणि त्यांनी टर्मिनलची सेटिंग उघडली.

हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात शिकवायचं काम त्यांचं, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या दोन सर्व्हरवर इथून काम चाले. एकावर खऱ्या पेशंटांच्या नोंदी, दुसरा सरावापुरता. स्क्रीनवर खऱ्याची खिडकी लाल, सरावाची हिरवी, हा नियमही मास्तरांचाच. सर्व्हरचं नाव वर बारीक अक्षरात असे, पण "नाव वाचायची वेळच येऊ नये म्हणून रंग," असं ते प्रत्येक नव्या माणसाला ऐकवत.

आणि गेल्या मंगळवारी याच खुर्चीत काम करताना, लाल रंग डोळ्यांना टोचतो म्हणून, त्यांनी तो अर्ध्या तासापुरता हिरवा केला. उठताना सवयीने सेव्ह दाबलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान!

बुधवारी त्या नव्या ऑपरेटर मुलीने सरावाची यादी समजून दिवसभराच्या अपॉइंटमेंट पुसल्या. लांबून आलेली माणसं दारातून परत गेली.

"खिडकी हिरवी होती, साहेब," ती म्हणत राहिली.

साहेबांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी चष्मा पुसायला घेतला. करून गेलं गाव आणि कानफाट्याचं नाव म्हणतात. इथे गाव कुठे गेलंच नव्हतं, शेजारी उभं राहून काचा पुसत होतं.

तेव्हापासून तिचा कॉम्प्युटर बंद होता. आज जेवणानंतर साहेब स्वतः तो बघणार होते.

मास्तरांनी लाल रंग निवडला, सेव्ह केलं. खिडकी लाल उघडली. सुटलो असं वाटायला हवं होतं, पण मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मास्तर, तुम्ही इथे?" ती दारात उभी होती.

"असंच, बघत होतो."

"खाली डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. रंगांची तपासणी करून घेतली." तिने हातातला कागद टेबलावर ठेवला. "काही दोष नाही म्हणतात."

मग तिची नजर स्क्रीनवर गेली.

"लालच आहे की," ती हळूच म्हणाली. "म्हणजे माझ्या डोक्यातच काहीतरी बिघडलंय. साहेबांना तसं लिहून देते. तुम्ही एवढं शिकवलंत आणि मी तुम्हाला मान खाली घालायला लावली."

बाहेर साहेबांची चाहूल लागली. मास्तरांनी माउस हातात घेतला. सेटिंग, रंग, हिरवा, सेव्ह. ती त्यांच्या हाताकडे बघत होती.

"काय, कोणता रंग निघाला?" साहेबांनी आत येत विचारलं.

"हिरवा," मास्तर म्हणाले. "मंगळवारी मीच केला होता. आणि आत्ता तुमच्याआधी येऊन लालही मीच केला होता."

तिने टेबलावरचा कागद उचलला, नीट घडी करून पर्समध्ये ठेवला, आणि आपली खुर्ची रिकामी व्हायची वाट बघत उभी राहिली.