कोरडा कोळसा

धर्मराजने वाफ्यातलं शेवटचं वाळलेलं रोप मुळासकट उपटलं आणि मुळाशी चिकटलेली काळी माती चिमटीत धरून शेजारच्या भुजंगरावांपुढे केली.

"काका, कोळसा कोरडाच टाकला का?"

"मंग? कापसाच्या पऱ्हाट्या जाळल्या, माती टाकून विझवल्या, कुटून त्याच दिशी टाकल्या. शिबिरातल्या त्या साहेबानंच सांगितल्तं, जमीन सुधरती म्हणून."

"सुधरती ना. पण आधी पंधरा दिवस शेणकाल्यात मुरवायचा. कोरडा टाकला की तोच मातीतलं खाऊन बसतो, रोपाला काय राह्यलं? साहेबानं शेवटाला दोनदा सांगितलं की."

शेवटाला भुजंगराव तिथे नव्हतेच. हसनाबादच्या त्या शेती शिबिरातून ते अर्ध्यावर उठून आले होते, कारण बायकोला, सत्यशीलाबाईंना, कुशीवर वळवायची वेळ झाली होती. वर्षापूर्वी बाईंचं डावं अंग लुळं पडलं, तेव्हापासून दर दोन तासांनी वळवावं लागे. तीस वर्षं शाळेत घंटा दिलेला शिपाई, वेळ चुकवणं त्यांना जमतच नसे.

परसबाग बाईंची. भुजंगरावांनी उभ्या जन्मात तिथे खुरपं धरलं नव्हतं. आयतं खायचं आणि वर मीठ कमी म्हणायचं. त्यातलं वांगं केदारखेड्याचं, बाईंच्या माहेरचं. आईने लग्नात बी ओटीत घातलं होतं. चाळीस वर्षं दरसाल एक फळ झाडावरच पिकवून बाईंनी ते जपलं. माहेरी आता कुणी उरलं नव्हतं, आणि ते बीही दुसरीकडे कुठे नव्हतं. यंदा भुजंगरावांनी शहाणपणा केला. बायको खूश होईल म्हणून पुडीतलं सगळं बी त्या कोळशाच्या वाफ्यात टाकलं.

"थोडं बी मागं ठेवलं आसंल ना?"

"न्हाई."

धर्मराजने चिमटीतली माती परत वाफ्यात सोडली. "माती मात्र पुढल्या सालाला झकास होईल, काका."

भुजंगरावांना त्याचा रागच आला.

बाई रोज विचारत, वांग्याला फुलं आली का? हे सांगत, आली. मग सांगितलं, फळं धरली. आणि आज बाईंनी भाजी मागितली. भुजंगराव मुकाट्याने बाजारात गेले, अर्धा किलो वांगी आणली, शेंगदाण्याचा कूट घालून रस्सा केला आणि पहिला घास भरवला.

बाईंनी तो बराच वेळ चावला. मग उजव्या हाताने नवऱ्याचा हात ओढून घेतला आणि एकेक बोट चाचपलं.

"आपल्या वांग्याच्या देठाला काटा लई. तोडताना बोटं सोलत्यात. तुमची तर कोरी हायेत."

भुजंगरावांची मान खाली गेली. त्यांनी सगळं सांगून टाकलं. शिबिरातून कशासाठी उठून आलो, तेवढं मात्र सांगितलं नाही.

"अन् बी?"

"एक बी न्हाई राह्यलं."

बाईंनी डोळे मिटले. भुजंगरावांना वाटलं, बोलावं हिने, चार शिव्या द्याव्यात. डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "माती तरी चांगली होईल का?"

"पुढल्या सालाला होईल म्हणतो धर्मराज."

"मंग मेथी टाका. तुमाला आवडती."

एवढं बोलून त्यांनी पुढच्या घासासाठी तोंड उघडलं. भुजंगरावांनी घास केला, पण तोंडाशी नेताना रस्सा बाईंच्या हनुवटीवर ओघळला. गमछ्याच्या टोकाने ते तो कितीतरी वेळ पुसत राहिले.