टॉवरच्या पायथ्याचे ओटे

नकाशा पुन्हा एकदा अडकल्याचा फोन आला तेव्हा पद्मजा घाडीगावकर हॉस्पिटलात ड्युटीवर होती. परळच्या त्या हॉस्पिटलात ती डायलिसिस टेक्निशियन होती. ‘बरं’ एवढंच म्हणून तिने फोन खिशात टाकला, मशीनवरचा आकडा पाहिला आणि खाटेवरच्या आजीबाईंना विचारलं, “थंडी वाजतेय का हो? चादर देऊ?” आजींना चादर देऊन झाल्यावर ती वॉशरूममध्ये गेली, नळ सोडला आणि नुसतीच उभी राहिली.

लालबागची त्यांची भिकोबा चाळ पाडून सातवं वर्ष लागलं होतं. त्या जागी टॉवर व्हायचा होता, पण त्याच्या नकाशाला पालिकेची मंजुरी मिळत नव्हती. खाली दुकानं, त्यावर ऑफिसं, त्याच्यावर चाळकऱ्यांची घरं आणि अगदी वरचे फ्लॅट बिल्डर विकणार. चाळीतली माणसं तोवर वडाळ्याच्या संक्रमण शिबिरात येऊन पडली होती. पद्मजा रहिवाशांच्या कमिटीची सेक्रेटरी झाली, कारण दुसरं कोणी व्हायला तयार नव्हतं. पहिल्या वर्षी लोक तिला पेढे मागायचे. आता जिन्यात दिसली की फक्त मान हलवायचे, आणि ते तिला जास्त लागायचं.

घरी तिचे सासरे होते, नाना. गिरणीत जन्म गेलेला माणूस, पंचाऐंशीच्या घरात आलेला. लालबाग सोडल्यापासून ते खिडकीपाशी बसून राहायचे आणि ती दार उघडून आत आली की रोज तेच विचारायचे.

“झालो काय गो नकाशो पास?”

“अजून नाही, नाना.”

“होतलो,” असं म्हणून ते पुन्हा खिडकीबाहेर बघायचे. जणू धीर तिलाच द्यायचा होता.

या वेळचं अडण्याचं कारण होतं मासळीवाल्या. चाळीच्या गल्लीच्या तोंडाशी वरळी कोळीवाड्यातल्या सात-आठ जणी दोन पिढ्या मासे विकायला बसत. टॉवर एवढा उंच, की त्याला आगीचा बंब चहूबाजूंनी फिरेल असा रस्ता सोडणं भाग होतं, आणि तो रस्ता नेमका त्यांच्या ओट्यांवरून जात होता. बिल्डरच्या माणसांनी त्यांना तळघरात, पार्किंगच्या शेजारी जागा काढून दिली होती. त्यांच्यातली सगळ्यांत मोठी, जाईबाई, हिने त्याला लेखी हरकत घेतली. आता सुनावणी होईपर्यंत नकाशा पुढे सरकणार नव्हता.

त्या रात्री शिबिराच्या आवारात मीटिंग झाली. कमिटीचे अध्यक्ष जयवंत राणे उभे राहिले. चाळीच्या गणेशोत्सव मंडळाचे ते जुने कार्यकर्ते, आवाज मोठा.

“आपली म्हातारी माणसं इथे झिजतायत आणि सात-आठ टोपल्यांसाठी टॉवर अडवून धरायचा? पोलीस बंदोबस्त मागवा आणि उठवा त्यांना.”

बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. पद्मजाला बोलायचं होतं, पण काय ते तिचं तिलाच नीट ठाऊक नव्हतं. लग्न होऊन ती लालबागला आली, तेव्हा मांदेली कशी निवडायची ते तिला जाईबाईनेच शिकवलं होतं. तेवढंच तिच्या डोक्यात घोळत राहिलं.

रविवारी ती एकटीच वरळी कोळीवाड्यात गेली. गल्लीच्या तोंडाशी, गिऱ्हाइकांसमोर हे बोलणं होणार नव्हतं. जाईबाई दारात बसून जाळ्याचा दोर सोडवत होती. समोर वलांडीच्या बांबूंवर बोंबील वाळत होते. पद्मजाला पाहून तिने दोर बाजूला ठेवला नाही.

“तू पन आलीस? तलघरात जा, असंच सांगायला ना?”

“नाही, मावशी. तुला कुठे बसायचंय, ते विचारायला आले.”

जाईबाईचे हात थांबले. तिने पद्मजाकडे निरखून पाहिलं आणि पायाने पाट पुढे सरकवला. “बस.”

चहा आला. मग बोलली ती सगळं एकदम. “मना सांग बाय, ऑफिसातून सुटलेली बाई पायऱ्या उतरून, गाड्यांच्या धुरातून बोंबील घ्यायला येईल? रस्त्याने जाता जाता नजर पडते म्हनून ती थांबते. आनि पान्याचा निचरा नाय झाला तर? पहिल्या आमीच बुडनार. टॉवर नको असं मी कधी बोलले? तुमची घरं नकोत असं बोलले? तलघर नको, एवढंच लिवलं. त्या साहेबांनी येऊन कागद दाखवला, सही कर म्हनाले. कुठं बसनार असं कोनी इचारलंच नाय.”

“आता विचारतेय.”

“रस्त्याला. बंब जाऊ दे की, त्याला कोन अडवतंय? आगीशी काय आमचं वैर नाय. बाजूला सरकू. पन रस्त्याला.”

पद्मजाने तिथून निघतानाच श्रेयाला फोन केला. श्रेया कर्णिक ही आर्किटेक्टच्या दादरच्या ऑफिसात या टॉवरचं काम बघणारी तरुण मुलगी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने संगणकावर तळमजला उघडला आणि बराच वेळ तो पुढे-मागे करत राहिली.

“रस्त्याच्या बाजूला बिल्डरची दुकानं आहेत, ती तो सोडणार नाही. मी मागेच विचारून पाहिलंय. गल्लीच्या बाजूला बंबाचा रस्ता सोडून एकच जागा उरते, काकू.” तिने बोट ठेवलं. “ही. तुमचा हॉल.”

तो हॉल चाळकऱ्यांनी भांडून मिळवला होता. गणपती तिथे बसायचा होता, गल्लीतून थेट दर्शन होईल असा.

“हॉल वर नेता येईल,” श्रेया म्हणाली. “दुकानांच्या मागच्या भागावर मोकळी गच्ची आहे, तिला लागून. जागा इथल्यापेक्षा मोठी मिळेल, वारासुद्धा येईल. पण तुमची माणसं ऐकतील?”

“नाही ऐकणार,” पद्मजा म्हणाली. “तरी तू काढून ठेव.”

पुढची मीटिंग तिने स्वतः बोलावली. शेजारच्या दोघांनी नानांना खुर्चीसकट उचलून खाली आणलं. आपल्याला ऐकायचं आहे म्हणून ते सकाळपासून हटून बसले होते. पद्मजाने नकाशा भिंतीला चिकटवला आणि साध्या शब्दांत सगळं सांगितलं. ती ‘हॉल वर’ म्हणाली मात्र, एकच गलका उडाला.

“बाप्पाला वर चढवायचं आणि खाली मासळी बाजार?” जयवंत ताडकन उठले. “वहिनी, अहो लालबाग आहे हे! लोक काय म्हणतील?”

“लिफ्ट आहे, रुंद जिना आहे—”

“तुम्ही आमच्या बाजूच्या की त्यांच्या?”

सात वर्षं कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवून हे ऐकायचं होतं. ती खाली बसणार, एवढ्यात नानांनी काठी आपटली.

“रे जयवंता, गणपतीचे गुडघे दुखतत काय? माझे दुखतत. तो चढतलो वर.”

पहिल्यांदा मागच्या बायका हसल्या. मग पुढचे. जयवंतांचंही तोंड क्षणभर सैल झालं. हशा ओसरला तसे नाना पुन्हा बोलले, या वेळी हळू, आणि सगळ्यांना कान पुढे करावे लागले.

“तुमचो मान, तुमची जागा, सगळा बरोबर आसा. भांडाक माझी ना नाय. पण माका घराक जावचा आसा. थंय मराक नाय रे. रवाक. थोडे दिस तरी.”

जयवंत टोपी काढून गुडघ्यावर ठेवत खाली बसले. त्यांची आई याच शिबिरात गेली होती, हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं. थोड्या वेळाने त्यांनीच आधी हात वर केला. मग एकेक करत सगळ्यांचे हात वर गेले.

सुनावणीच्या दिवशी पालिकेच्या खोलीत एका बाजूला चाळकरी बसले, दुसऱ्या बाजूला कोळणी. मध्ये टेबलामागे अधिकारी, चष्मा कपाळावर सरकवलेला. त्यांनी नवा नकाशा पाहिला आणि जाईबाईला विचारलं, “बाई, हे तुम्हाला मान्य आहे का?”

जाईबाई उठून टेबलापाशी गेली. “आमी कुठं ते दाखवा.”

श्रेयाने दाखवलं.

“पानी?”

“इथे नळ. इथून निचरा.”

“आज कागदावर हाय. उद्या टॉवर उभा राह्यला आनि इथं कपड्याचं दुकान निघालं, तर मी कुनाकडं जाऊ?”

बिल्डरचा माणूस खुर्चीत चुळबुळला. अधिकाऱ्यांनी चष्मा खाली ओढला. “मंजुरीच्या अटींमध्येच घालतो. ओटे तयार झाल्याशिवाय इमारतीत कोणालाच राहायला जाता येणार नाही.”

जाईबाईने चाळकऱ्यांकडे वळून पाहिलं. म्हणजे आपल्या ओट्यांवर यांची घरं अडणार. जयवंत राणे उभे राहिले. “लिहा साहेब,” ते म्हणाले. “चालेल आम्हाला.”

“मग माजी हरकत नाय,” जाईबाई म्हणाली.

पद्मजाला वाटलं, झालं! पण अधिकाऱ्यांनी समजावून सांगितलं, की नकाशा बदलला म्हणजे तो अग्निशमन दलाकडे पुन्हा जाणार. बंब फिरतो की नाही, हे तपासल्याशिवाय त्यांना सही करता येणार नाही. म्हणणं खोटं नव्हतं. तरी बाहेर आल्यावर कोणी चहासुद्धा घेतला नाही.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. पावसाळा सरता सरता नानांच्या छातीत कफ झाला. चार दिवस हॉस्पिटलात काढून ते घरी आले खरे, पण खिडकीपाशी बसेनात. पडूनच राहायचे. नकाशाचं विचारणंही त्यांनी सोडलं. रोज तो प्रश्न ऐकून कंटाळणारी पद्मजा आता दार उघडताना त्याचीच वाट बघायची.

आणि मग एका दुपारी ती शिफ्ट संपवून लॉकरपाशी आली, फोन हातात घेतला आणि जागीच थिजली. नवरा हितेंद्रचे मिस्ड कॉल. पुन्हा हितेंद्र. श्रेया. जयवंत. परत हितेंद्र.

नाना!

तिला दुसरं काही सुचलंच नाही. हितेंद्रचं नाव दाबताना भलतंच काहीतरी दाबलं गेलं. अखेर फोन लागला.

“हितेंद्र, नाना—”

“ठीक आहेत गं! पेज मागितली मगाशी. तू ऐक ना, फोन का उचलत नव्हतीस? पास झाला!”

“काय?”

“नकाशा! श्रेयाने सगळीकडे फोन केले. मंजूर झाला, पद्मा. बंब फिरतो. सगळं झालं.”

पद्मजा लॉकरांच्या मधल्या बाकड्यावर बसली. मंजुरीचा आनंद तिच्यापर्यंत अजून पोचलाच नव्हता. नाना ठीक आहेत, एवढंच आधी आत शिरलं, आणि त्याच्या मागून दुसरं. सात वर्षं खांद्यांत घट्ट बसलेलं काहीतरी सैल होत होत पाठीवरून खाली उतरलं. ती रडायला लागली. बरोबरची सिस्टर धावत आली. “काय झालं? घरी सगळं बरं ना?”

“बरं आहे,” पद्मजा रडतच म्हणाली. “सगळं बरं आहे गं.”

ती चालतच लालबागला गेली. गल्लीच्या तोंडाशी जाईबाई सुरमई कापत होती. पद्मजा समोर येऊन उभी राहिली आणि पुन्हा रडायला लागली. जाईबाईने कोयता खाली ठेवला.

“झाला?”

पद्मजाने मान हलवली.

“मंग रडतेस कशाला, येडे?” असं म्हणत तिने ओल्या हातांनीच पद्मजाचे गाल पुसले. शेजारच्या कोळणी हसायला लागल्या. पद्मजाच्या तोंडाला मासळीचा वास लागला आणि तीही हसायला लागली. जाईबाईने सुरमईचे तुकडे पिशवीत भरले. पद्मजाने पर्स काढली तशी म्हणाली, “ठेव ती आत. म्हाताऱ्याला घाल. आनि त्याला सांग, जाईचं दुकान त्याच्या घराच्या आधी उभं राहनार. कागदावर हाय.”

वडाळ्याला तिन्हीसांजेला शिबिराचं आवार फुललं होतं. कोणीतरी पताका लावल्या होत्या, जयवंत राणे येणाऱ्या-जाणाऱ्याला जिलेबी भरवत होते. पद्मजाला पाहून त्यांनी हात जोडले. त्यांनी जिलेबीचा पुडाच तिच्या हातात दिला.

नाना खिडकीपाशी बसले होते. शाल गुंडाळून, हडकुळे, पण बसलेले.

“कितव्या माळ्यार गो आपण?” त्यांनी विचारलं.

“एकोणिसाव्या.”

“अरे बापरे.” ते विचारात पडले. “दर्या दिसतलो?”

“शिवडीकडची खाडी दिसेल. गोदीतल्या क्रेन दिसतील.”

“बांधूक किती वर्सा लागतली?”

“तीन तरी.”

नानांनी बोटं मोजत हिशेब केला, ओठ आवळले आणि म्हणाले, “मगे माका जेवक वाढ बगू नीट. पेज नको आता.”

पद्मजा स्वयंपाकघरात गेली. तिने मासळी धुवायला घेतली, तेवढ्यात हितेंद्र मागून आला आणि तिच्या हातातून पातेलं काढून घेतलं.

“बाजूला सर. मी करतो. तू बस जरा.”

“तुला मसाला लावता येत नाही.”

“तू तिथून सांग.”

ती दाराला टेकून जमिनीवरच बसली, पाय लांब केले. हितेंद्रने कोकमाचं आगळ कमी घातलं, तिरफळ घालायला विसरला. तिला दिसत होतं, तरी तिने करू दिलं. बाहेर कोणीतरी ताशा वाजवायला घेतला होता. तेल तापलं, पहिला तुकडा चर्रकन पडला, आणि हितेंद्र काहीतरी विचारायला वळला तेव्हा पद्मजा बसल्या जागी गाढ झोपली होती.