रोवण्याची सुट्टी

गोंदिया वेगळा जिल्हा झाला आणि काही वर्षांनी विद्यापीठाला आठवण झाली की उरलेल्या भंडाऱ्यातही मुली शिकतात. उपकेंद्राला मुलींचं वसतिगृह मंजूर झालं. ते बांधायला द्यायचं कोणाला, हे ठरवायला समिती बसली. आणि समिती म्हटली की चहा आला, बिस्किटं आली, आनंदराव आले. आनंदराव अध्यक्ष. माणूस वाईट नव्हता, पण एकदा बोलायला लागला की समोरच्यानं घरी जाऊन जेवून यावं. दामिनी त्यांच्या हाताखालची इंजिनीअर, अड्याळच्या विणकर घरातली लेक. तिच्या सहीनं इतकी मोठी इमारत पहिल्यांदाच उभी राहणार होती.

पण सहीपेक्षा जड होता एक शब्द. आसगावची रुखमा, बांधकामावर घमेली वाहणारी बाई, एकदा दामिनीच्या कचेरीच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिची मुलगी शालू अकरावीला, डोक्यानं हुशार. पण बारावीनंतर तिनं रोज एसटीनं भंडाऱ्याला यावं हे बापाला मंजूर नव्हतं.

"होस्टेल झालं त पाठवतो म्हणते तिचा बाप, नाही त लगन," रुखमा म्हणाली. "होईन का जी म्याडम, पुढच्या सालच्या जूनपरेंत?"

"होईल," दामिनीच्या तोंडून निघून गेलं. गेलेला शब्द काही परत येत नाही. तेव्हापासून रस्त्यात दप्तरवाली पोर दिसली तरी तिला शालूच आठवायची.

छाननी होऊन दोन निविदा उरल्या. दरात उन्नीस-बीसचा फरक. एक नागपूरच्या बड्या कंपनीची: गुळगुळीत फाईल, रंगीत चित्रं, चित्रात झाडं, झाडांखाली हसणाऱ्या मुली. ही कंपनी वर्ष संपायच्या आत किल्ल्या हातात देणार होती. दुसरी पवनीच्या भोजराज ठेकेदाराची, सुतळीनं बांधलेली. त्याची मुदत पुढच्या मे महिन्यापर्यंत. वर वेळापत्रकात त्यानं भातलावणी आणि कापणीचे दिवस स्वच्छ लिहिले होते : आषाढात रोवणा, मजूर नाहीत. दिवाळीनंतर धान कापणी, मजूर कमी.

आनंदरावांनी ते मोठ्यानं वाचलं आणि टेबलावर हात आपटून हसले. "हा ठेकेदार हाये का शाळेतला मास्तर? सुट्ट्या लिहून देऊन राहिला!"

सगळे हसले. खरं सांगायचं तर दामिनीही हसली. तिलाही नागपूरवालेच बरे वाटत होते. मे महिना म्हणजे अगदी काठावर, जरा पाय घसरला की जून हातचा गेला. पण तिचा बाप कापड घेणाऱ्याला नेहमी सांगायचा, आधी उलटी बाजू पाहा. म्हणून तिनं सहीआधी नागपूरवाल्यांचं एखादं जुनं काम पाहून येण्याची परवानगी मागितली. आनंदरावांनी दिली, कारण गाडी त्यांची नव्हती.

शेजारच्या तालुक्यात कंपनीनं बांधलेलं एक वसतिगृह होतं. दर्शनी भाग झकास. दामिनी मात्र सरळ वरच्या मजल्यावर गेली. छतावर पावसाळ्याचे पिवळे डाग, मधून केसासारख्या भेगा. तिथल्या गृहप्रमुख वच्छलाबाईंना कोणीतरी विचारायचीच खोटी होती.

"दिवाळीत देतो म्हटलं, देलं होळीच्या नंतर. स्लॅब टाकला अन् रोवणा लागला. मजूर त इथल्याच गावचे, निघून गेले सारे. स्लॅबले पाणी मारायले माणूस नाही. मधात ऊन पडलं, तापला, तडकला. मग कापणीत आणखी गेले."

दामिनी गाडीत बसून परत निघाली. खिडकीबाहेर दोन्ही बाजूंना मातीच्या धुऱ्यांनी चौकोनी आखलेली धानाची खाचरं, रिकाम्या बांध्या, पसरलेल्या होत्या, आणि त्या आषाढात कशा दिसतात हे तिला काय कोणी सांगायला हवं होतं? तिला स्वतःचाच राग आला. सुट्टी एकट्या भोजराजची नव्हती. ती नागपूरवाल्यांचीही ठरलेली होती, फक्त त्यांनी लिहिली नव्हती.

पुढच्या बैठकीला तिनं दोन्ही ठेकेदारांना बोलावलं. कंपनीच्या साहेबाला तिनं विचारलं, रोवण्यात मजूर कुठून आणणार? "मॅनेज करू, मॅडम," एवढंच त्याला म्हणता आलं. मग तिनं भोजराजला विचारलं.

भोजराज उभा राहिला. "आनत नाही जी. कोणी आनू शकत नाही. म्हणून रोवण्याच्या तोंडावर स्लॅब टाकतो. वरतं सिमेंटचे छोटे धुरे घालतो, बांधीवानी, अन् पाणी भरून ठेवतो. मजूर रोवण्यात, स्लॅब पाण्यात. पाणी पाहाले दोन बाया ठेवतो. परत येतपर्यंत तो पक्का होऊन रायते."

"पण वेळ जाते ना बापा!" आनंदराव म्हणाले.

दामिनीनं घसा साफ केला. "सर, मागच्या आषाढात आपली एक बैठक पुढं ढकलली होती. आठवते?"

आनंदरावांना आठवलं. लाखांदूरकडच्या त्यांच्या शेतात रोवण्याला बाया मिळेनात म्हणून ते स्वतः रजा टाकून बांधीत उतरले होते. शेजारी बसलेल्या हिशेबनीसाची रजाही त्याच आठवड्यातली, आणि शिपायाची तर विचारूच नका. मग आनंदरावच आधी हसले, या वेळी टेबल न आपटता.

"आपलीच रजा आपल्याले दिसली नाही," ते म्हणाले, आणि निविदांच्या गुणपत्रकात मुदतीच्या रकान्यातले दोघांचे गुण त्यांनी स्वतःच्या हातानं बदलले. काम भोजराजला मिळालं.

आषाढात दामिनी जिना चढून स्लॅबवर गेली. धुऱ्यांच्या चौकटीत पाणी भरलेलं, त्यात ढग दिसत होते. रस्त्यापलीकडे खऱ्या बांध्यांमध्ये बाया वाकून रोवत होत्या. इथे मात्र एकच बाई पाइप धरून उभी होती, लुगडं खोचलेली. रुखमा.

"तू रोवण्याले नाही गेली?"

"साऱ्याइनं बोलावलं जी. नाही गेली." रुखमानं पाइप दुसऱ्या चौकटीत सोडला. "यंदा माही बांधी हेच आहे."

दामिनी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली, आणि दोघी चौकटीत पाणी चढताना पाहत राहिल्या.

इमारत पुढच्या मे महिन्यात पूर्ण झाली. उद्घाटनाला आनंदरावांनी दीड तास भाषण केलं आणि वेळापत्रकाची कल्पना मूळची कोणाची हे सोडून बाकी सगळं सांगितलं. भोजराज मागच्या रांगेत बसून मस्त पेंगत होता.

बारावी पास झालेली शालू पेटी घेऊन आली, तेव्हा बापच पुढे होता. पेटी त्याच्याच डोक्यावर. रुखमानं खाट पाहिली नाही, कपाट पाहिलं नाही. मान वर करून आधी छत पाहिलं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत.

"करमेल का हिला इथं?" दामिनीनं विचारलं.

"करमन जी. धानाचा पऱ्हा उपटून दुसऱ्या बांधीत लावला तरच वाढते," रुखमा म्हणाली. मग तिनं डोळे पुसले, पदर खोचला आणि नवऱ्याला हाक मारली. "चला आता. आसगावची गाडी जाईन. यंदाच्या रोवण्याले मले जा लागते."