वंशावळीतली रिकामी जागा

बशीर परकारांनी कुवेतहून आणलेला जुना कॉम्प्युटर अजून चालत होता. त्यातल्या वंशावळीच्या प्रोग्राममध्ये त्यांनी सात पिढ्या भरल्या होत्या. लांज्याहून आलेली भाची महरीन कौतुकाने बघत होती. पडद्यावर तिच्या आजोबांच्या नावाखाली एकट्या बशीरांचंच नाव आलं.

“मामू, अम्मीचं नाव कुठाय?”

बशीरांचे कान तापले. “तिने मनाने लग्न केलं, तेव्हा अब्बांनी काढायला लावलं.”

“तुमच्या अब्बांना जाऊन अठरा वर्षं झाली, मामू.”

बशीरांनी ‘जुबेदा’ टाइप केलं. प्रोग्रामने जन्मतारीख विचारली. सख्ख्या बहिणीची तारीख त्यांना आठवेना.

महरीनने सांगितली. मान वर न करता त्यांनी ती भरली.