गळ्याचं अस्तर

कापल्याबरोबर कड वळली. कुणी हात लावला नव्हता, वारा नव्हता. मलईच्या रंगाचं ते ताणाचं कापड कात्रीतून सुटलं आणि आपणहून आत गुंडाळत गेलं, गोमेला काडी लागावी तसं. रिझवानानं बोटांनी कड सपाट केली. सोडली. परत वळली. ब्लाऊजचं कापड असं करत नाही. ते मेल्यासारखं पडून राहतं, म्हणून तर आख्ख्या आळीचे ब्लाऊज आणि कुडते शिवताना तिला कापडाशी कधी भांडावं लागलं नव्हतं.

गळा झाकायची एक कापडी नळी सकाळीच वाया गेली होती. हात सवयीचा — आतून पॉपलीनचं अस्तर लावून मोकळा झाला. वरचं कापड ताणलं, पॉपलीन कुठलं ताणायला... नवऱ्याच्या, इस्माईलच्या डोक्यातून घालताना नळी कानांपाशी अडकली, खालची कड गळ्यावर दाबली गेली, आणि तो दोन्ही हातांनी हवा ओढायला लागला. ओरडला नाही. ओरडायला आवाज लागतो. गळ्यातल्या भोकातून नुसतं फस्स, फस्स. तिनं त्याच्या जबड्याजवळून कात्री घातली, नळी चिरून काढली. मग तो हसला. म्हणजे खांदे हलले.

भोकच. मुंबईच्या डॉक्टरांनी त्याला इंग्रजी नाव दिलं होतं, दीर आदिल ‘ते’ म्हणायचा, आदिलची बायको बेगम ‘ती जागा’ म्हणायची. रिझवाना मनात भोकच म्हणायची. कॅन्सरपायी आवाजाची पेटी काढावी लागली, श्वासाला वाट हवी म्हणून गळ्याला भोक पाडलं. यात लाजायचं काय आहे? नाकालाही दोन आहेत, ती घेऊन माणसं लग्नात मिरवतातच की.

आदिलनं आधी बाजारातून एक नळी आणली होती, बाईकवाली पोरं गळ्यात घालतात तसली. काळी, वर कवटीचा जबडा. इस्माईलनं ती घालून आरशात बघितलं, आणि बेगम पदरात तोंड घालून म्हणाली, “गो भाभी, असं बसवलंस यांना, तर नवरामुलगा कबूल बोलायच्या आधी उठून पळंल.” सगळे हसले. इस्माईलचे खांदे सगळ्यांत जास्त हलले.

शुक्रवारी लेकीचा, तसनीमचा निकाह. मुलीचा वली म्हणजे बाप; मजलिशीत नवऱ्यामुलासमोर बसून त्यानंच म्हणायचं असतं, मी माझी मुलगी तुझ्या निकाहात दिली. ज्याला बोलता येत नाही त्याचा इशारा चालतो, फक्त समजेलसा हवा, असं मौलानांनी सांगितलं, त्या दिवसापासून इस्माईल कपाटाच्या आरशासमोर उभा राहत होता. एक हात छातीवर. मग दोन्ही तळवे पुढे, हळूहळू, भरलेलं ताट देत असल्यासारखे. मग मान खाली. दिवसातून कितीदा तरी. आणि हाच माणूस — नाते खिंडीच्या नाक्यावर मिनीडोर रिक्षाच्या फूटबोर्डावर उभा राहून — पोलाऽऽदपूर, पोलादपूर, एकच शीट हाय, एकच शीट — एक कधीच नसायची, गाडी निम्मी रिकामी असायची, आणि लोक शिव्या देत बसायचे, कारण त्या आवाजाला नाय म्हणता येत नसे. तिलाही आलं नव्हतं.

सुई पुढे जाईना. सरळ टीप मारली की कापड ओढल्यावर धागा तट्कन तुटायचा. मग तिनं पुढून आणि मागून कापड जरा ताणून धरलं आणि तसंच मशीनखालून नेलं... तसं टिकलं. अस्तरालाही यावेळी तेच कापड घेतलं. दुहेरी. अस्तर नको होतं खरं तर. अस्तर तसनीमनं सांगितलं होतं.

काल, स्वयंपाकघरात, भांडी पुसता पुसता. “अम्मी, आतून अस्तर लाव. खोकला आला की डाग दिसतो.” मग फडकं न थांबवता, “आणि चाचांना अब्बांच्या वतीनं वकील करूया. ते बोलतील. अब्बांनी फक्त बसायचं. ते हातवारे... सगळे मोबाईल काढतील गं. मला तो व्हिडिओ जन्मभर नको आहे.”

“मग सांग जा अब्बांना.”

“तू सांग. तुझं ऐकतात.”

आणि रिझवाना म्हणाली होती, “बरं.”

कानाखाली द्यायला हवी होती. ज्या आवाजावर तुझी शाळा झाली, कॉलेज झालं, त्याला दुहेरी अस्तर लाव म्हणतेस? असं म्हणायला हवं होतं. पण ‘बरं’ म्हणताना छातीतून काहीतरी उतरलं होतं, हलकं वाटलं होतं, आणि त्या हलकेपणाचं आता काय करायचं? मीही कूस बदलून झोपते. मीही त्याच्या हनुवटीखाली बघत नाही. पोरगी हे कुणाकडून शिकली?

शेवटची टीप मारून तिनं धागा दातानं तोडला. “अहो... बघा जरा.”

नळी कानांवरून सुळकन उतरली, गळ्यावर बसली. शेरवानीच्या रंगाची, तंतोतंत. इस्माईल आरशासमोर गेला. हात छातीवर. तळवे पुढे. कापड भोकापाशी आत ओढलं गेलं, बाहेर आलं, आत, बाहेर, मग घाईघाईनं; त्यानं बोट घालून नळी खाली ओढली, श्वास भरला, नळी परत वर केली आणि अंगठ्यानं सांगितलं, झकास. मग तिच्याकडे वळून ओठ हलवले. शुक्रवार.

आत्ता. आत्ताच सांगायचं.

“काढा,” ती म्हणाली. “जरा सैल करते.”

तो नळी देऊन अंगणात गेला. तिनं अस्तराच्या शिवणीला उसवणी लावली, आणि नुसती धरून ठेवली. अस्तर काढलं तर त्याला श्वास येईल. आणि मग काय? श्वास घेत, कोपऱ्यात बसून, आदिलच्या तोंडून आपली मुलगी दिली जाताना बघेल. उसवणी खाली ठेवून तिनं नळी स्वतःच्या डोक्यातून घातली, नाकापर्यंत वर ओढली. आत अंधार नव्हता, मलईचा उजेड होता, आणि आपल्याच श्वासाची गरम वाफ. कापड ओठांना चिकटलं.

“आदिल बोलणार हाय,” तिनं म्हणून बघितलं. “तुमी नुसतं बसायचं.”

तिलाच ऐकू आलं नाही.

तो रागावणार नाही. भांडं फेकणार नाही, रडणार नाही... तो मान हलवेल. अंगठा दाखवेल, झकास. खांदे हलवेल. त्याच्या रागासाठी ती कालपासून तयारी करत होती, आणि राग येणारच नाही, हे आत्ता तिला दिसलं, आणि मग धरायला काही उरलं नाही.

दारातून अंगण दिसत होतं. तो तिच्याकडे पाठ करून उभा होता, वाळत घातलेल्या शेरवानीसमोर. तळवे पुढे गेले. हळूहळू.

मी सांगते. आत्ता सांगते.

कापड तोंडावर आत ओढलं गेलं. बाहेर आलं. आत.