आठव्या मिनिटाची टेकडी

मी एक जुने तपासयंत्र आहे. मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रयोगशाळेत, दुसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यात उभा असतो. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेत तर म्हणाल, हा तर एकावर एक रचलेल्या डब्यांचा ढीग! खरे आहे. पण या ढिगाला एक खोड आहे. तो कुणावरही विश्वास ठेवत नाही.

यंत्राची नोंद

माझा जन्म समुद्रापलीकडच्या कारखान्यात झाला. सतरा वर्षांपूर्वी चौघांनी मला जिन्यावरून उचलून आणले आणि नारळ फोडला. पहिली दहा वर्षे माझा थाट होता. खोकल्याच्या एका औषधातली भेसळ मी पकडली, तेव्हा पेढे वाटले गेले. मग शेजारच्या टेबलावर नवे यंत्र आले. मोठी कामे त्याला, किरकोळ मला. माझ्या पंपातली रबरी कडी बदलायचे दर वर्षी ठरते आणि दर वर्षी राहते.

पद्धत

माझ्या पोटात एक बारीक पोलादी नळी आहे, पांढऱ्या भुकटीने ठासून भरलेली. औषधाचा थेंब तिच्यात सोडतात. मागून पंप द्रव ढकलतो. थेंबातले घटक भुकटीला चिकटत, सुटत पुढे सरकतात. कुणी लवकर बाहेर पडतो, कुणी उशिरा. जो बाहेर पडेल त्याची मी पडद्यावर टेकडी काढतो.

एक मात्र लक्षात ठेवा. मला कुणाचे नाव कळत नाही. मला फक्त वेळ कळते. नाव माणसे देतात. ओळखीचा घटक आधी माझ्यातून सोडतात, तो कितव्या मिनिटाला आला ते लिहून ठेवतात आणि मग अनोळख्याला त्याच्याशी ताडून पाहतात.

नमुना

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दत्ताराम आले. पंचावन्नीचे, घाटकोपरच्या एका शाळेची बस चालवणारे. रुमालात गुंडाळलेली छोटी तपकिरी बाटली त्यांनी टेबलावर ठेवली. भांगेच्या पानांचे तेल. गुडघेदुखीवर वैद्यांनी लिहून दिलेले, रोज दोन थेंब. बाटलीवर ते पान छापलेले होते. एका मुलाच्या आईने ते पाहिले, फोटो काढला, आणि दत्तारामांना बसवरून उतरवण्यात आले. शाळेने बजावले होते, तेल तपासून आणा. नशेचा घटक निघाला, तर परत येऊ नका.

"काका, खरं सांगा," विभागप्रमुख यज्ञेशने विचारले, "घेतल्यावर डोकं जड होतं का?"

"नाय ओ साहेब. जड होता तो गुडघो. तो अजून जडच हा."

माणिकताई हसल्या नाहीत. सतरा वर्षे मला चालवणाऱ्या या बाई माझ्याइतक्याच संशयी. चहात साखर घातली असे सांगितले, तरी चमच्याने तळ ढवळून पाहतात.

"तेवीस वर्षां बस चालवतंय," दत्ताराम त्यांना म्हणाले. "पोरांका सांगितल्यानी, मामा आजारी हा. मामा आजारी नाय ओ बाई. मामा हयसर बाकड्यावर बसलेलो हा."

निरीक्षण

थेंब आत गेला. पाच मिनिटे काही नाही. सहा. सात. आठव्या मिनिटाला पडद्यावर उंच टेकडी उभी राहिली.

यज्ञेशने खंडेनवमीआधीच्या सोमवारचा आलेख शेजारी धरला. भांगेतला नशा आणणारा घटक म्हणजे टीएचसी. सोमवारी ओळखीचा टीएचसी बरोबर आठव्या मिनिटालाच आला होता.

"झालं! काकांची वाट लागली," तो म्हणाला. "आणि म्हणे गुडघा!"

"घाई नको रे."

"ताई, तुम्हाला जगाचा संशय येतो, आणि यांचा नाही?"

"यांचाही येतो. म्हणून तर पुन्हा बघू म्हणतेय."

पण यज्ञेशने शाळेला फोन लावला. "हो, प्राथमिक निष्कर्ष. नशेचाच दिसतोय."

मित्रांनो, मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. कारण त्या वेळी मला माझाच संशय येत होता. पंप ढकलत होता, पण नळीपर्यंत जोर पोहोचत नव्हता.

निरीक्षण (खोडलेले)

माझ्या अंगावर खंडेनवमीची झेंडूची माळ तशीच होती. माणिकताई ती काढायला आल्या आणि थबकल्या. एका बाजूची फुले पांढरी पडली होती. खाली ट्रेमध्ये पिवळे पाणी साचले होते.

"यज्ञेश, हे पिवळं काय आहे?"

"हळद असेल. पूजेची."

"तीन दिवस हळद ओली राहते?"

त्यांनी माळ उचलली. तिच्याआड पंप आणि नळी जोडणाऱ्या एका नटातून थेंब थेंब द्रव गळत होता आणि झेंडूचा रंग धुऊन नेत होता.

माणिकताई खुर्चीत बसल्या. दर खंडेनवमीला त्या स्वतः माझे चार नट काढून लख्ख पुसतात. यंदाही पुसले. नट परत बसवताना पाना हवा होता. पण पाना पूजेत मांडलेला, हळदकुंकू वाहिलेला. पूजेतले हत्यार दसरा उलटेपर्यंत उचलायचे नाही. म्हणून त्यांनी नट हातानेच आवळले होते.

"मीच केलंय हे," त्या म्हणाल्या. "द्रव गळतोय, म्हणून सगळे उशिरा पोचतायत. सहाला येणारा आठला आला असेल. आणि आज ओळखीचा नमुना आपण सोडलाच नाही."

"ताई, शाळेला फोन झालाय."

"मग दुसरा कर."

"लॅबचं नाव जाईल!"

"आणि बाहेर बसलेल्या माणसाचं गेलं ते?"

 यज्ञेश उठला आणि त्याने पाना आणून दिला.

पुन्हा निरीक्षण

नट आवळला. ओळखीचा टीएचसी सोडला, आठ मिनिटे. मग दत्तारामांचे तेल सोडले. टेकडी सहाव्या मिनिटाला आली. आठव्याला सपाट माळरान.

"मग हा सहाला येणारा कोण?" यज्ञेशने विचारले. "भांगेतलाच दुसरा घटक, सीबीडी?"

"तो जरा आधी येतो."

माणिकताईंनी फ्रीजरमधून बोटाएवढी कुपी काढली. तिच्यातला ओळखीचा घटकही सहालाच आला. तरी त्यांचे समाधान होईना. त्यांनी तो आणि तेल एकत्र करून सोडले. दोघे वेगळे असते, तर टेकडीला दोन शिखरे फुटली असती. एकच राहिले, फक्त उंच झाले.

त्याचे नाव कॅनाबिजेरॉल, म्हणजे सीबीजी. भांगेचे रोप कोवळे असताना याचे आम्लरूप तयार करते, आणि त्यापासूनच पुढे टीएचसीची आणि सीबीडीची आम्लरूपे होतात. रोप वाढते तसे हे खर्ची पडते. जून रोपात याचा अंश बहुधा किरकोळच उरतो, म्हणून फार जणांना हा ठाऊक नाही. याने नशा होत नाही.

मग हे औषध चांगले का? ते मी म्हणणार नाही. बाटलीवर 'सांधेदुखी समूळ नष्ट' असे छापले आहे. ज्याच्यावरचे संशोधन अजून बाल्यात आहे, त्याच्याबद्दल एवढी खात्री कुणाला आणि कशी झाली? पुढच्या बाटलीत काय असेल, तेही मला माहीत नाही.

शेरा

माणिकताईंनी लिहिले: या बाटलीत, आमच्या तपासणीच्या मर्यादेत, टीएचसी आढळला नाही. आधीची चूक आमची होती, हेही लिहिले. खाली यज्ञेशने सही केली आणि शाळेला फोनही त्यानेच केला.

"म्हणजे मी चांगलो मां?" दत्तारामांनी विचारले.

"काका, मी बाटलीचंच लिहू शकते. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे एक थेंब घेऊ नका. रोज पोरं असतात तुमच्या मागे."

पुढच्या सोमवारी ते बसवर गेले. आठवड्याने अहवालाची आणखी एक प्रत मागायला आले.

"आता कुणाला हवीये?"

"त्याच आईक. अजून रोज सकाळी दाराशी वाकता आणि माझ्या तोंडाचो वास घेता."

"मग तुम्ही काय करता?"

"करतलंय काय? आ करतंय."

 माणिकताईंनी प्रत काढून दिली.

त्यानंतर माझी रबरी कडी एकदाची बदलली. मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखे जुने यंत्र असेल, तर त्याला हार घाला, पण त्याचे नटही तपासा. संशय जरूर घ्या. फक्त तो घेताना आपला हात सैल राहिला नाही ना, ते आधी पाहा. आणि तुमच्यापैकी कुणाची आई बसच्या दाराशी अशी वाकत असेल, तर तिचा पदर ओढा आणि म्हणा, आई, पुरे झाले. मामांना तोंड मिटू दे.