दौलतसिंगाची मांडी, हेमसिंगाचे हात

मानोऱ्याच्या तालमीत हेमसिंगाच्या हातांना जेवढा मान होता, तेवढा त्याच्या कुस्तीला कधी मिळाला नाही. रऊफ उस्ताद रोज तेलाची वाटी त्याच्याच पुढ्यात सरकवायचे. समोर दौलतसिंग पालथा पडलेला. तो तालमीतला पहिला पहिलवान, हेमसिंगाच्याच तांड्यावरचा.

"मांडी मोकळी कर त्याची," उस्ताद म्हणायचे. "रगडलेलं आंग वाकते, नाई रगडलेलं तुटते."

हेमसिंग पोटरीपासून वर रेटत जायचा. गाठ लागली की ती सैल होईस्तोवर अंगठ्याने दाबून धरायचा. दौलतसिंग उठायचा तो हलक्या अंगाने. त्या हंगामात तो एकदाही लचकला नाही.

हेमसिंगाला मात्र मालिश कोण करणार? त्याच्या डाव्या मांडीमागची शीर कधीची ओढत होती. उस्तादांना सांगितलं तर "पाहू, पाहू" म्हणायचे.

छप्पन साली अनसिंगच्या कुस्त्यांच्या दंगलीत अखेर त्याचीही जोड लागली. त्या सकाळीसुद्धा त्याने दौलतसिंगालाच रगडलं. तसेच थकलेले हात आणि आखडलेली मांडी घेऊन तो मातीत उतरला. आसेगावचा गडी त्याच्याहून हलका होता. हेमसिंगाने त्याचे पाय धरून पट काढला, गडी उचललाही, आणि मांडीत कळ गेली. पाय दुमडला. क्षणात त्याची पाठ मातीला लागली.

"दम कमी पडला," उस्ताद म्हणाले.

"दम?" हेमसिंग ओरडला. "मांडी फाटली माही! सालभर याले रगडून राह्यलो, मले कोणी हात लावला काय?"

नुकताच जिंकून आलेला दौलतसिंग म्हणाला, "मले काहून नाई सांगितलं?"

"कवा सांगू? तू तं तिथंच घोरत असतं!"

सूज उतरेपर्यंत हेमसिंग घरीच बसला. चुलीजवळून हिरीबाईने, त्याच्या आईने, काही विचारलं तरी तो खेकसायचा. तालमीत परतला त्या दिवशी वाटी पुन्हा त्याच्यापुढे आली. त्याने ती दौलतसिंगाकडे ढकलली आणि स्वतःच पालथा पडला.

"हे काय चालू केलं?" उस्ताद गरजले.

"आदी माही मांडी. नाई तं दुसरा पाहा."

उस्तादांनी तोंड फिरवलं. दौलतसिंगाने भसकन तेल ओतलं आणि गुडघ्यामागे जोर दिला.

"अरे, तिथं नाई! वर! हळू!"

"आता हळू तं हळू. ओरडतं कायले?"

रोज हीच भांडणं. दौलतसिंगाचे हात शिकले, पण फार सावकाश. पुढच्या सालच्या दंगलीत हेमसिंगाची कुस्ती बरोबरीत सुटली. शीर मात्र ओढली नाही. लोकांनी पाठ थोपटली. त्याला हसू आलं नाही.

"मांगच्याच साली जमलं असतं हे," तो म्हणाला, आणि लंगोटावरची माती झटकत राहिला.